नळीतला गर्भ : वेळेत कळायला लागलेली शंभर वर्षं



मागच्या काही भागांत आपण देवी, प्लेग, हिवताप असे गावंच्या गावं उठवणारे आजार पाहिले. आजचा आजार साथीचा नाही. तो एकेकट्या बाईला गाठतो, आणि गाठतो तेव्हा ती गरोदर आहे हे बहुधा घरात कुणाला माहीत नसतं. कधीकधी तिलाही नसतं. पुस्तकी मराठीत याला ‘अस्थानी गर्भधारणा’ म्हणतात, डॉक्टर ‘एक्टोपिक’ म्हणतात. माझी सगळी नोकरी मध्य प्रदेशात गेली. तिथल्या बाया सांगायच्या, ‘बच्चा नली में ठहर गया’. मला या तिन्हींत तेच नाव सगळ्यात बरं वाटतं, कारण त्यात काय झालंय ते सरळ सांगितलेलं आहे.

होतं ते असं. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांची गाठ गर्भनलिकेत पडते. तयार झालेला गर्भ तीन-चार दिवसांत त्या नळीतून पुढं सरकत गर्भपिशवीत येतो आणि तिथं रुजतो. नळीला आतून जुन्या जंतुसंसर्गाचे व्रण असले, कधी शस्त्रक्रिया झालेली असली, किंवा काहीच कारण सापडत नसलं तरीही, हा प्रवास मध्येच अडतो आणि गर्भ नळीच्या भिंतीलाच मुळं धरतो. शंभर गर्भधारणांमध्ये एक ते दोन अशा असतात, आणि त्यांतल्या दहापैकी नऊहून जास्त नळीत. गर्भपिशवी ताणली जाते, नळी ताणली जात नाही. सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास ती फुटते. रक्त बाहेर येत नाही, पोटात साठतं. बाहेर दिसतो तो जेमतेम डाग. बाईला चक्कर येते, घाम फुटतो, आणि एक विचित्र लक्षण म्हणजे खांदा दुखतो. पोटातलं रक्त श्वासपटलाला टोचतं आणि त्या पडद्याच्या नसा मानेतून येतात, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. खांदा दुखतो म्हणून बाम चोळत बसलेली आणि पोटात लिटरभर रक्त साठलेली बाई मी पाहिलेली आहे.

आता इतिहासाकडं वळू.

हजार वर्षांपूर्वी स्पेनमधल्या कोर्दोबाजवळ अल-झहरावी नावाचा मोठा शल्यविशारद होऊन गेला. युरोपात त्याला अल्बुकासिस म्हणत. बेंबीजवळ सूज येऊन ती फुटली आणि त्यातून गर्भाची हाडं बाहेर पडली, अशा एका बाईची हकीकत त्यानं लिहून ठेवली आहे. गर्भपिशवीबाहेरच्या गर्भाची पहिली नोंद म्हणून तीच दाखवली जाते. पण लक्षात घ्या, ही बाई जगलेली होती. ज्या बाया नळी फुटून काही तासांत गेल्या, त्यांची नोंद कोण करणार? ‘पोटात दुखून गेली’ एवढंच घरात उरलं असेल. १५६१ मध्ये इटलीत गाब्रिएले फालोप्पिओनं या नळ्यांचं नीट वर्णन केलं. त्याच्याच नावानं त्या आजही ओळखल्या जातात. पण जिवंत बाईच्या नळीत काय चाललंय हे कळायला त्यानंतर चार शतकं जायची होती. तोवर निदान व्हायचं ते शवविच्छेदनाच्या टेबलावर.

एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांना संशय येऊ लागला होता. पण संशय आला तर करायचं काय? उपचारांची यादी वाचवत नाही. आईला उपाशी ठेवायचं, जुलाब द्यायचे, रक्त काढायचं, म्हणजे गर्भ अशक्त होऊन मरेल. स्ट्रिकनीन द्यायचं. गर्भाच्या पिशवीत सुईनं मॉर्फिन टोचायचं. पोटावर विजेचा प्रवाह सोडायचा. त्या काळात वीज नवी होती आणि नव्या गोष्टीनं सगळं बरं होतं असं वाटण्याचे दिवस होते. (तसे ते आजही आहेत, फक्त यंत्रं बदललीत.) या सगळ्यात पोट उघडून फुटलेली नळी बांधावी, हे मात्र कुणी करत नव्हतं. कारण पोट उघडलं की माणूस मरतो, असा अनुभव होता.

१८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन पॅरी यांनी तोवर छापून आलेल्या ५०० रुग्णांच्या हकीकती एकत्र करून पुस्तक लिहिलं. हिशेब केला तर जवळजवळ दोन तृतीयांश बाया मेलेल्या. यात पुन्हा तीच मेख आहे. छापून आलेल्या या केस होत्या, न छापलेल्यांचा पत्ताच नाही. पॅरींनी साफ लिहिलं की असं हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा पोट उघडून रक्तस्राव होणारी शीर बांधा. त्याच वर्षी ते वारले. त्यांचं म्हणणं वाचलं अनेकांनी, पण केलं कुणीच नाही.

आणि आता येतो लॉसन टेट. या माणसाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं.

टेट एडिंबराचा, जन्म १८४५ चा. बर्मिंगहॅमला त्याचा जम बसला. बुटका, आडव्या अंगाचा, भांडखोर. लिस्टरचं जंतूंबद्दलचं म्हणणं त्याला मान्य नव्हतं, पण हात, हत्यारं आणि खोली इतकी स्वच्छ ठेवायचा की त्याच्याकडं रुग्ण कमी मरायचे. चुकीच्या तर्कावर उभं राहून बरोबर वागणारी माणसं वैद्यकाच्या इतिहासात बरीच सापडतात, त्यांतला हा एक.

१८८१ च्या उन्हाळ्यात हॉलराइट नावाच्या डॉक्टरनं त्याला एक बाई दाखवायला बोलावलं. ती लंडनहून आगगाडीनं आली होती आणि तिची प्रकृती बिघडत चालली होती. हॉलराइटचं निदान असं की नळीतला गर्भ फुटून पोटात रक्तस्राव होतोय. आणि त्यानं टेटला सुचवलं, पोट उघडा आणि ती नळी काढून टाका. टेट गडबडला. एवढा धाडसी माणूस, पण या सूचनेपुढं त्याचं धाडस झालं नाही. त्यानं नकार दिला. पुन्हा रक्तस्राव झाला आणि बाई गेली. शवविच्छेदन झालं तेव्हा हॉलराइटचं निदान तंतोतंत खरं निघालं. टेटनं काढलेली नळी हातात घेऊन बारकाईनं पाहिली. गर्भाशयाच्या बाजूचा पडदा आणि त्यातल्या शिरा एका दोऱ्यानं बांधल्या असत्या, तर रक्त थांबलं असतं. हे त्यानं नंतर स्वतः छापून सांगितलं. म्हणून तर आपल्याला ते ठाऊक आहे.

मला या गोष्टीत टेटपेक्षा हॉलराइट महत्त्वाचा वाटतो. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत त्याचं नाव ओझरतं येतं, आणि बहुतेकांत येतच नाही. त्याच्याकडं रक्ततपासणी नव्हती, सोनोग्राफी नव्हती, गरोदरपणाची कसलीही चाचणी नव्हती. बाईची हकीकत ऐकून, तिचं पोट तपासून त्यानं निदान केलं, आणि ते बरोबर होतं. तेव्हा पुढं जे मी चाचण्यांचं कौतुक करणार आहे, ते ऐकताना हा एक साधा डॉक्टर मनात राहू द्या.

जानेवारी १८८३ मध्ये टेटकडं तशीच दुसरी बाई आली. या वेळी त्यानं पोट उघडलं. चिकटलेले भाग सोडवत बसण्यात वेळ गेला, रक्त वाहत राहिलं, बाई वाचली नाही. ३ मार्च १८८३ ला तिसरी. या वेळी तो सोडवासोडवीच्या फंदात पडला नाही. सरळ खोलवर हात घालून मूळ पकडलं, दोऱ्यानं बांधलं, नळी काढून टाकली. बाई जगली. पुढच्या पाच वर्षांत त्यानं चाळीसेक शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांतल्या दोनच बाया दगावल्या. पॅरीच्या हिशेबात तीनातल्या दोन मरत होत्या, हे आठवून पाहा.

जाता जाता एक गोष्ट. याच १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला जायला बोटीत बसल्या आणि पुढं पॅरींच्याच फिलाडेल्फियात शिकल्या. बाळंतपणात आपलं मूल गमावलेली ही अठरा वर्षांची मुलगी कोणत्या काळात वैद्यक शिकायला निघाली होती, ते यावरून कळावं.

टेटच्या शस्त्रक्रियेनंतर प्रश्न उरला रक्ताचा. नळी बांधली तरी बाईच्या अंगातलं रक्त पोटात सांडून गेलेलं असायचं. १९१४ मध्ये लाइपझिगच्या योहानेस थीस यांनी ते पोटातलंच रक्त गाळून पुन्हा त्याच बाईच्या शिरेत भरलं. जिथं रक्तपेढी नव्हती तिथं हा उपाय पुढं कित्येक दशकं चालला. आपल्याकडच्या लहान गावांतही तो झाला आहे. चार पदरी गॉज, निर्जंतुक वाटी, सायट्रेट घातलेली बाटली. हे मी पुस्तकातून सांगत नाही, त्या बाटल्या मी हातात धरल्या आहेत.

असा हा इतिहासाचा पहिला अर्धा भाग. यात नळी फुटल्यावर काय करायचं ते कळलं. पण फुटण्याआधी कळायचं कसं? यावर टेटकडं उत्तर नव्हतं, आणि त्याच्यानंतर नव्वद वर्षं कुणाकडंच नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नोकरीला लागलो तेव्हा मोठ्या शहरांबाहेर आमच्या हातात काय होतं? योनिमार्गातून मागच्या बाजूला एक लांब सुई घालायची आणि सिरिंज ओढायची. न गोठणारं काळपट रक्त आलं, तर निदान पक्कं. पण रक्त आलं याचा अर्थच असा, की नळी गळतेय किंवा फुटलीय. म्हणजे आम्ही निदान करत होतो ते उशीर झाल्यावरच.

लघवीच्या चाचण्या तोवर आलेल्या होत्या, हे खरं. १९२७-२८ मध्ये बर्लिनच्या झेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ट झोंडेक यांनी दाखवलं, की गरोदर बाईची लघवी कोवळ्या उंदरिणीला टोचली की पाचव्या दिवशी तिच्या अंडाशयात बदल दिसतात. (दोघेही ज्यू. हिटलर आल्यावर दोघांनाही देश सोडावा लागला. झोंडेक पुढं जेरुसलेमला गेले, आशहाइम पॅरिसला.) लघवीतलं जे द्रव्य हा बदल घडवतं त्याला आपण आज एचसीजी म्हणतो. गर्भाच्या ज्या पेशींपासून पुढं वार तयार होते, त्या पेशी ते बनवतात. मग उंदीर गेले, बेडूक आले, साठच्या दशकात बेडूकही गेले आणि प्रयोगशाळेत काचेच्या पट्टीवर चाचणी होऊ लागली. पण नळीतला गर्भ पुरेसं पोषण न मिळाल्यानं हे द्रव्य कमी बनवतो. त्यामुळं ज्या बाईला चाचणीची सगळ्यात जास्त गरज, नेमकी तिची चाचणी कित्येकदा निगेटिव्ह यायची. डॉक्टर निर्धास्त व्हायचे आणि बाई घरी जायची.

हे कोडं सुटलं ते भलत्याच वाटेनं. आणि ती वाट मुंबईच्या गिरणगावातून जाते. म्हणून जरा मागं जाऊ.

१८८८ साली, म्हणजे टेटची या विषयावरची व्याख्यानं छापून आली त्याच वर्षी, बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डला एक मुलगी जन्मली. लूसी विल्स. केंब्रिजमध्ये आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकली. १९२८ मध्ये ती मुंबईला आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिचं काम होतं. प्रश्न असा होता, की गिरण्यांत काम करणाऱ्या बाया गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत होत्या आणि त्यांतल्या कित्येक मरत होत्या. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येनं थोड्या, पण आकारानं मोठ्या असायच्या. जंतू शोधून झाले, सापडले नाहीत. लूसीबाई मग स्वयंपाकघराकडं वळल्या. या बाया खातात काय? आधी उंदरांवर, मग माकडांवर प्रयोग झाले. शेवटी उत्तर मिळालं मार्माइटमध्ये. दारू गाळताना उरणाऱ्या यीस्टचा तो काळा, खारट लगदा, विलायतेत पावाला लावून खातात. तो दिल्यावर माकडं सुधारली आणि गरोदर बायाही सुधारल्या. १९३१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मार्माइटमधलं नेमकं काय लागू पडतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, अमेरिकेत ते द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळं काढलं आणि पानावरूनच त्याला नाव मिळालं, फॉलिक अॅसिड.

गिरणगावावर मराठीत केवढं लिहिलं गेलंय. संप, शाहिरी, खाणावळी, भजनी मंडळं. पण एका जीवनसत्त्वाचा शोध तिथल्या गरोदर बायांच्या रक्तातून सुरू झाला, हे मी फार थोड्या ठिकाणी वाचलं. त्या बायांपैकी एकीचंही नाव आपल्याला माहीत नाही.

इथून पुढचा माणूस आंध्रातला. यल्लाप्रगडा सुब्बाराव, जन्म १८९५, भीमावरम. मद्रास मेडिकल कॉलेजात असताना खादी घातली म्हणून इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली आणि पदवीऐवजी खालच्या दर्जाची सनद हातात पडली. त्यांचा भाऊ स्प्रू नावाच्या आजारानं गेला. आतड्यात अन्न लागू न होण्याचा हा आजार, आणि पुढं त्याच आजारावर फॉलिक अॅसिड लागू पडलं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर ते बोस्टनला गेले, हार्वर्डमध्ये मोलाचं काम केलं, पण कायमची नोकरी मिळाली नाही. १९४० मध्ये लेडर्ली या औषध कंपनीत गेले. त्यांच्या हाताखालच्या चमूनं फॉलिक अॅसिड प्रयोगशाळेत बनवलं. आणि मग त्याची तोतयी भावंडंही बनवली. दिसायला फॉलिक अॅसिडसारखी, पण पेशीनं चुकून घेतली की तिचं काम ठप्प करणारी. झपाट्यानं वाढणाऱ्या पेशीला फॉलिक अॅसिड सारखं लागतं, म्हणून तीच आधी मरते. त्यांतलं एक औषध बोस्टनच्या सिडनी फार्बरनं १९४७ च्या शेवटी रक्ताच्या कर्करोगानं मरणाऱ्या मुलांना दिलं आणि काही मुलं काही काळ तरी उठून खेळू लागली. सुब्बाराव ऑगस्ट १९४८ मध्ये वारले. दुसऱ्या औषधाचं नाव मेथोट्रेक्सेट. ते आजही वापरात आहे.

आता पाहा कसं जुळतं ते. १९५६ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन च्यू ली हा चीनमधून आलेला डॉक्टर आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेट वारेच्या कर्करोगाला दिलं. वारेच्या पेशी वेड्यासारख्या वाढतात तो कोरिओकार्सिनोमा. तरुण बायांना होणारा, तेव्हा जीवघेणा. बाया बऱ्या झाल्या. लीचं म्हणणं असं, की गाठ दिसेनाशी झाली एवढं पुरेसं नाही, लघवीतलं एचसीजी शून्य होईपर्यंत औषध द्यायचं. वरिष्ठांना हा अतिरेक वाटला आणि लीला ती नोकरी गमवावी लागली. नंतर त्याचंच खरं ठरलं. १९७२ मध्ये त्याला आणि हर्ट्झला लास्कर पारितोषिक मिळालं.

पण एचसीजी ‘शून्य झालं’ हे ठरवायचं तर ते अगदी बारीक मोजता यायला हवं. अडचण अशी, की आपल्या अंगात नेहमी असणारं एलएच नावाचं एक हार्मोन एचसीजीसारखंच दिसतं. चाचणी दोघांत फसायची. दोन्ही रेणू दोन तुकड्यांचे. एक तुकडा सारखा, दुसरा वेगळा. ज्युडिथ वैतुकैटिस, ग्लेन ब्राउनस्टाइन आणि ग्रिफ रॉस यांनी फक्त तो वेगळा तुकडा, म्हणजे बीटा तुकडा ओळखणारी रक्ताची चाचणी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. ती केली कर्करोगाच्या बायांवर लक्ष ठेवायला. उपयोग झाला तो जगातल्या प्रत्येक गरोदर बाईला. आज दुकानात मिळणारं किट तिचंच नातवंड आहे.

नळीतल्या गर्भासाठी हे वरदान ठरलं. चाचणी निगेटिव्ह आली तर आता गर्भ नाही असं जवळपास छातीठोक सांगता येऊ लागलं, आणि पॉझिटिव्ह आली तर आकडा मिळू लागला. आकड्याची चाल पाहता येते. निकोलस कादर आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दोन गोष्टी मांडल्या. एक, निरोगी गर्भात हा आकडा दोन दिवसांत ठराविक प्रमाणात वाढायलाच हवा. तो रेंगाळला तर सावध व्हा. दुसरी, आकडा एका पातळीपलीकडं गेला की गर्भपिशवीत गर्भ सोनोग्राफीत दिसलाच पाहिजे. दिसला नाही, तर तो दुसरीकडं कुठंतरी आहे. सोनोग्राफी ग्लासगोच्या इयान डोनल्ड यांनी १९५८ पासून बाळंतशास्त्रात आणली होतीच. पोटावरून पाहताना कादरांची पातळी होती ६५००. पुढं योनिमार्गातून तपासणारी सोनोग्राफी आल्यावर ती दीड-दोन हजारांपर्यंत खाली आली. (आज ही रेघ इतकी काटेकोर मानत नाहीत. निरोगी गर्भातही आकडा दोन दिवसांत ५३ टक्क्यांइतकाच वाढू शकतो, असं २००४ मध्ये दिसलं. घाई करून चांगला गर्भ गमावायला नको.) म्हणजे टेटची शस्त्रक्रिया १८८३ ची, आणि फुटण्याआधी ओळखायची रीत १९८१ ची. हिशेब तुम्हीच करा.

आणि ओळखल्यावर उपचार? जो गर्भ नळीत रुजतो, तो वारेच्या त्याच झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींच्या बळावर. मग वारेच्या कर्करोगाचं औषध इथंही चालेल, हे जपानच्या तनाका यांना सुचलं. १९८२ मध्ये त्यांनी नळीच्या गर्भपिशवीतून जाणाऱ्या भागात अडकलेल्या गर्भावर मेथोट्रेक्सेट वापरून शस्त्रक्रिया टाळल्याचं प्रसिद्ध केलं. अमेरिकेत थॉमस स्टोव्हॉल आणि फ्रँक लिंग यांनी मग एकाच इंजेक्शनाची पद्धत बसवली. शरीराच्या दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम, चौथ्या आणि सातव्या दिवशी एचसीजी, आणि या दोन दिवसांत ते निदान १५ टक्के उतरायला हवं. १९९३ च्या त्यांच्या अहवालात १२० बाया होत्या, त्यांतल्या ११३ शस्त्रक्रियेविना बऱ्या झाल्या. हे सगळ्यांना चालत नाही, हे स्पष्ट सांगतो. नळी फुटलेली नको, गर्भाचे ठोके नकोत, आकडा फार वर गेलेला नको, आणि बाई पुन्हा पुन्हा तपासायला येऊ शकली पाहिजे. ही शेवटची अट कागदावर सगळ्यात सोपी दिसते, आणि प्रत्यक्षात बहुतेकदा तीच मोडते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात. फ्रान्समधल्या क्लेर्माँ-फेराँच्या ब्रुआ आणि मंडळींनी १९८० मध्ये दुर्बिणीतून नळीला चीर देऊन गर्भ काढल्याच्या ६० केस मांडल्या. नळी ठेवावी की काढावी, यावर नंतर तीस वर्षं वाद चालला. २०१४ च्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात, दुसरी नळी निरोगी असेल तर, नळी ठेवलेल्या ६०.७ टक्के बायांना आणि काढलेल्या ५६.२ टक्के बायांना पुढं आपोआप गर्भ राहिला. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. ‘एक नळी गेली, आता सून वांझ’ असं म्हणणाऱ्या सासूबाईंना हा आकडा सांगायला मला आवडतो.

या सगळ्याचं फळ अमेरिकेच्या आकड्यांत दिसतं. १९७० मध्ये तिथं दर दहा हजार अस्थानी गर्भधारणांमागे ३५.५ बाया मरत. १९८९ मध्ये ३.८. याच काळात निदान झालेल्या केस मात्र १७,८०० वरून ८८,४०० वर गेल्या. जंतुसंसर्ग वाढला हे एक कारण, आणि पूर्वी न कळता आपोआप विरून जायचे तेही आता कळू लागले, हे दुसरं. टेस्ट ट्यूब बेबीच्या इतिहासातही ही नळी आडवी आलेली आहे. स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांचा बाहेर तयार केलेला आणि आत सोडलेला पहिला गर्भ टिकला तो १९७६ मध्ये, आणि तो नळीत जाऊन रुजला. लुईस ब्राउनचा जन्म त्याच्या दोन वर्षं नंतरचा.

आपल्या देशात या कहाणीचे दोन्ही अर्धे भाग एकाच वेळी चालू आहेत. इंदूर, पुणे, हैदराबादेत पाळी चुकून आठ दिवस झाले की बाईचा आकडा आणि सोनोग्राफी दोन्ही हातात असतात. आणि तिथून शंभर-दीडशे किलोमीटरवर नळी फुटलेली बाई जीपमधून, नाडी लागत नाही अशा अवस्थेत येते. आशाताईंकडं ‘निश्चय’ किट असतं, ते चांगलंच आहे. पण किट गर्भ आहे की नाही ते सांगतं, कुठं आहे ते सांगत नाही. दुसरा धोका दुकानातून आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्यांचा. त्या गर्भपिशवीतल्या गर्भावर चालतात, नळीतल्या गर्भाला त्या काहीच करत नाहीत. गोळ्यांनी थोडं अंगावरून जातं, बाईला वाटतं सुटले, आणि नळीत गर्भ वाढत राहतो. मग दहा-बारा दिवसांनी पोट दुखलं तर घरात म्हणतात, गोळ्यांनीच दुखत असेल. अशा बाईनं गोळ्या घेतल्याचं कुणाला सांगितलेलं नसतं, आणि तिला ते विचारायला हवं, एकटीला, नवरा आणि सासू बाहेर असताना. हॉलराइटनं केलं ते यापेक्षा वेगळं नव्हतं.

संशोधन थांबलेलं नाही. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला फुप्फुसाच्या कर्करोगाचं गेफिटिनिब हे औषध दिलं तर जास्त बाया शस्त्रक्रियेवाचून सुटतील, अशी आशा होती. एडिंबराच्या, म्हणजे टेटच्या गावच्या, संशोधकांनी ब्रिटनमधल्या पन्नास रुग्णालयांत त्याची चाचणी घेतली. २०२३ मध्ये निकाल आला, काही फरक पडला नाही. दोन्ही गटांत साधारण तीस टक्के बायांना शेवटी शस्त्रक्रिया लागलीच. असा नकारार्थी निकालही तितक्याच प्रामाणिकपणे छापला जातो, तेव्हा मला बरं वाटतं. विजेचा प्रवाह सोडणाऱ्यांनी अशी मोजणी केली असती, तर किती बाया वाचल्या असत्या.

एक बारीक गोष्ट सांगायची राहिली. आपल्याकडं बाई गरोदर आहे म्हटलं की तिच्या हातात लोह आणि फॉलिक अॅसिडची लाल गोळी येते. लूसी विल्सनी परळमध्ये जे शोधलं ते या गोळीत आहे. पण मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन दिलेल्या बाईला आम्ही आधी तीच गोळी थांबवायला सांगतो, कारण दोन्ही एकाच जागेसाठी भांडतात, आणि फॉलिक अॅसिड जिंकलं तर नळीतला गर्भ वाढत राहील. केसपेपरवर मी ते तांबड्या शाईनं लिहायचो आणि शिवाय तोंडानं दोनदा सांगायचो, ‘लाल गोली बंद. तीन महिने दिन मत चढ़ने देना. और सातवें दिन खून की जाँच के लिए आना, कुछ भी हो जाए.’ सातव्या दिवशी सकाळी बाहेरच्या बाकावर ती बसलेली दिसेपर्यंत माझं लक्ष दाराकडं असायचं.